साडेपाचशे रुपयांची वाळकी फुलं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. वाळलेल्या एल्डरफ्लॉवरचं, म्हणजे इंग्लंड-युरोपातल्या एका रानझुडपाच्या फुलांचं, ५० ग्रॅमचं पाकीट, किंमत ५४९ रुपये, ऑनलाइन मागवलं, आठव्या दिवशी साताऱ्यात घरपोच. पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा तारा पाकिटाच्या झिपला दिलाय, कारण ती खरंच चांगली आहे, रिकामं झाल्यावर मी त्यात कुरडया भरणार आहे. चहासारखं करून प्यायचं असेल तर खुशाल घ्या. सरबतासाठी घेत असाल तर पुढचं वाचा. पाकिटावर छापलेल्या कृतीनं केलंत तर पैसे पाण्यात जातील, आणि ते पाणीही कडू होईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एका पाकिटावरून कुणाचं दुकान बसवायचं नाही मला, माझंही दुकानच आहे. दुकान म्हणजे घरच. शनिवार पेठेत, स्वयंपाकघरामागच्या पडवीत १४ वर्षं सरबतं करते. कोकम, आवळा, आलं-लिंबू बारा महिने, उन्हाळ्यात करवंद, पाऊस पडला की जांभूळ. परवाना आहे, बाटलीवर नंबर छापलेला आहे. आमचे हे साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेत, त्यामुळे पाक बघायला घरात माझी दोन बोटं आहेत आणि यांचं ब्रिक्स मीटर आहे, पाकात शंभराला किती साखर ते सांगणारं. दोघांचं बहुतेक वेळा जमतं.

हे पाकीट मागवायचं कारण माझा भाचा. त्यानं पोवई नाक्याच्या पुढं कॅफे काढलाय. मार्चमध्ये एका रविवारी आला, कोकमाच्या सहा बाटल्या घेतल्या आणि जाता जाता चपला घालताना म्हणाला, "मावशी, एल्डरफ्लॉवरचं सिरप करशील का? पुण्यात एका ग्लासाला अडीचशे घेतात."

"ते काय असतं माहितेय का तुला?"

"फूल असतं."

एवढंच माहीत होतं त्याला. मला बरंच जास्त माहीत होतं. मी ते सरबत झाडावरून फूल तोडण्यापासून बाटलीत भरेपर्यंत या हातांनी केलेलं आहे. त्यामुळे हे परीक्षण थोडं पक्षपाती समजा. ज्यानं रत्नागिरीचा आंबा झाडाखाली बसून खाल्लाय, त्याला डब्यातला आमरस दिला तर तो काय बोलणार?

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडात लेस्टरला होते. मेच्या सुरुवातीला गेले, जुलैत परतले. त्यांच्या घरामागून कालवा जातो, कालव्याच्या कडेनं चालायची वाट आहे. शेजारच्या आजी, पंचाहत्तरी पार केलेल्या, रोज सकाळी कुत्र्याला घेऊन त्या वाटेनं जायच्या. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं नाही आणि माझं त्यांना पाऊण. पण जूनमधल्या एका सकाळी त्यांच्या हातात कुत्र्याच्या दोरीबरोबर कापडी पिशवी आणि कात्री दिसली. बाई कशाला निघालीय हे कळायला इंग्रजी लागत नाही. मीही चपला घातल्या.

एल्डरचं झाड म्हणजे थोरल्या निर्गुडीएवढं झुडूप. पानं कडुनिंबासारखी काडीच्या दोन्ही अंगांना, कडा करवतलेल्या, पण कडुनिंबापेक्षा रुंद आणि एका काडीला पाच-सातच. फुलांचा तुरा शेपूला फुलं धरल्यावर येतो तसा छत्रीसारखा, तळहाताएवढा, साईच्या रंगाचा. एकेक फूल इतकं बारीक, की हळदीकुंकवाच्या करंड्यात शंभर मावतील. आपल्याकडे बाभूळ जशी कुठंही उगवते तसं हे तिकडं कुंपणाला, रुळांच्या कडेला, पडक्या भिंतीला उगवतं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही.

आजींचे नियम मात्र कडक. दव वाळल्यावर तोडायचं, पण ऊन चढायच्या आत. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर नाही. तपकिरी पडायला लागलेला तुरा नाही. एका झाडावरून दोन-चारच, कारण राहिलेल्याची शरद ऋतूत काळी फळं होतात, ती पाखरांना आणि पुढच्या सरबताला. आणि तोडण्याआधी प्रत्येक तुरा हुंगायचा. एका झाडाशी त्यांनी नाक मुरडलं आणि मला हुंगायला लावलं. मांजर मुतून गेल्यावर कोपऱ्याला येतो तो वास! पुढच्या झाडाचा तुरा मात्र असा, की मी तिथंच थांबले. लिची, पिकलं द्राक्ष आणि नुकत्याच विरजलेल्या सायीचा वास एकत्र केला तर जवळपास जाईल.

जावई घरी आल्यावर म्हणाला, इथं १९६८ चा चोरीचा कायदा आहे, त्यात रानात आपोआप आलेल्या झाडाची फुलं-फळं स्वतःच्या घरासाठी तोडली तर चोरी धरत नाहीत, विकायला तोडली तर धरतात. मी म्हटलं, बरं झालं आधी नाही सांगितलंस, मी तर मनातल्या मनात बाटलीची किंमत ठरवत होते. आणखी एक गोष्ट. आजी तोडायच्या आधी खोडाला हात लावून काहीतरी पुटपुटल्या. लेकीनं नंतर उलगडा केला: या झाडात एक म्हातारी राहते, तिला विचारल्याशिवाय फांदी तोडायची नाही, असा तिकडचा जुना समज. मला नवल वाटलं नाही. आमच्या सासूबाई तिन्हीसांजेला तुळशीलासुद्धा हात लावू द्यायच्या नाहीत.

खरी गंमत घरी आल्यावर झाली. मी कोथिंबीर तीन पाण्यांतून काढणारी बाई. तुरे घेऊन नळाखाली धरायला गेले, तर आजींनी माझं मनगटच धरलं. धुवायचं नाही! त्यांनी एक तुरा माझ्या काळ्या स्वेटरच्या बाहीवर हलकेच झटकला. दोन बारके किडे पडले ते फुंकरीनं उडवले. मागं राहिली पिवळी भुकटी, हळदीची चिमूट सांडल्यासारखी. ती त्यांनी बोटावर टिपून माझ्या नाकाखाली आणली. तो सगळा लिचीचा वास त्या भुकटीतच होता. पराग धुऊन गेले की मागं उरतो नुसता पाला.

बाकी कृती आपल्याला कळणारी. दीड लिटर पाण्यात दीड किलो साखरेचा पाक उकळून खाली उतरवायचा, कोमट झाला की २५ तुरे जाड देठ कापून उलटे बुडवायचे, तीन लिंबांची किसलेली साल आणि चकत्या, ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, वर झाकण, २४ तास. मग पातळ फडक्यातून गाळायचं. देठ कापायचे ते चवीसाठी आणि पोटासाठीही. एल्डरच्या पानांत, काड्यांत आणि कच्च्या फळांत सांबुनिग्रिन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं, म्हणून जास्त गेलं तर उलट्या होतात. फळंसुद्धा शिजवूनच खातात. बारीक देठ थोडे राहतातच, त्याचा बाऊ करत नाहीत, पण काड्या-पानं नाहीत म्हणजे नाहीत.

सायट्रिक ॲसिड आणायला बेलग्रेव्ह रोडवर गेलो. तो रस्ता म्हणजे गुजरातच, साड्या, सोनं, फाफडा. किराणा दुकानात मागितलं तर काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "लिंबू ना फूल?" आपण पण लिंबूफूलच म्हणतो की! तर असं फुलांच्या सरबतात लिंबाचं फूल पडलं, आणि आजींना ते सांगताना माझी आणि लेकीची हसून पुरेवाट झाली. त्यांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी गाळताना सगळं घर घमघमलं. एका भागाला सहा भाग गार पाणी, बस. रंग जवळजवळ नाहीच, नुसती पिवळसर झाक. पहिल्या घोटाला वाटतं गोड लिंबूपाणी आहे, आणि गिळल्यावर नाकात फूल उमलतं. मी १४ वर्षांत असं सरबत केलेलं नाही, हे कबूल करायला लाज नाही.

आता पाकीट.

पाकिटावर ताज्या तुऱ्याचा झकास फोटो आहे, दव पडलेला. (दव पडलेला तोडत नाहीत, पण असो.) मूळ देश बल्गेरिया. पॅक केल्याची तारीख आहे, फुलं कधी तोडली ती नाही. मसाल्याचा किंवा वाळवणाचा व्यवहार ज्यांनी केलाय त्यांना यातली मेख कळेल: दोन वर्षांपूर्वीचा माल काल पाकिटात भरला तर तारीख कालची पडते. मागच्या बाजूला 'इम्युनिटी' हा शब्द तीनदा. युरोपात सर्दी-पडशाला या फुलांचा चहा पितात, आपण गवती चहा पितो तसा, एवढं मला आजींनी सांगितलं होतं. पाकीटवाले त्याहून फार पुढं गेलेत, त्यात मी पडत नाही.

पांढऱ्या ताटात सगळं ओतलं आणि तांदूळ निवडतात तसं निवडायला बसले. बारीक फुलं मळक्या पिवळ्या रंगाची, ओव्याच्या भुग्यासारखी. वास आला, नाही असं नाही. वाळलेल्या गवताचा, त्यामागं थोडा मधाचा. लिची नाही. द्राक्ष नाही. पिवळी भुकटी पाकिटाच्या तळाशी कोपऱ्यात जमली होती, ती मी चिमटीनं काढून वेगळी ठेवली. आणि काड्या! चक्क आगपेटीच्या काडीएवढ्या जाड. वजन केलं तर ५० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम काड्या. म्हणजे फुलं ४३ ग्रॅम. काड्या निवडून काढा, असं पाकिटावर कुठंही लिहिलेलं नाही. फोटो काढून कंपनीला पाठवला. उत्तर आलं, "मॅम, हे नैसर्गिक उत्पादन आहे." तांदळातले खडेही नैसर्गिकच असतात.

पहिला घाणा पाकिटावरच्या कृतीनं केला. परीक्षण करायचं तर आधी त्यांचं ऐकावं, या हिशेबानं. १० ग्रॅम फुलं एक लिटर पाण्यात २० मिनिटं उकळा, गाळा, ८०० ग्रॅम साखर घाला, दोन लिंबं पिळा. पाचव्या मिनिटाला भांड्यावर जो मधाचा वास आला तो दहाव्या मिनिटाला सगळ्या घरात होता आणि विसाव्या मिनिटाला कुठंच नव्हता. वास घरभर दरवळला म्हणजे तो भांड्यातून गेला, हे ज्याला कळत नाही त्यानं कृती छापू नये. रंग बिनदुधाच्या चहाचा. चव गोड, आंबट, मग जिभेच्या मागं कडवट. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "कुणाला खोकला झालाय?"

ह्यांनी ब्रिक्स मोजलं. ही उसाच्या रसाची दुर्बीण असते ना, काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं, उजेडाकडं धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथं मिळतो तिथला आकडा वाचायचा. आमची ३२ पर्यंतच जाते, कारण उसाला त्यावर लागतच नाही. म्हणून सरबताच्या पाकात वजनाला वजन पाणी घालून मोजायचं आणि दुप्पट करायचं. आकडा आला साडेतेवीस, म्हणजे ४७. आमच्या धंद्यात सरबताचा पाक ६५ च्या खाली जाऊ देत नाहीत, कारण खाली गेला की टिकत नाही. पाकिटावर म्हणे, "बाहेर तीन महिने टिकेल." एप्रिलमधल्या साताऱ्यात? मी पाचव्या दिवशी पाहिलं तेव्हा बाटलीच्या गळ्याशी फेसाची कड धरली होती.

दुसरा घाणा माझ्या पद्धतीनं. एक किलो साखर, ७०० मिली पाणी, पाक उकळून उतरवला. बोट बुडवून धरता येईल इतका कोमट झाल्यावर १५ ग्रॅम फुलं मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडली. दोन लिंबांची साल, रस, २० ग्रॅम लिंबूफूल. वर जाळी न ठेवता घट्ट ताटली, कारण वास पळू द्यायचा नव्हता. २४ तासांनी पुरचुंडी काढली आणि ती वेगळी ठेवलेली भुकटी शेवटी घातली, तासभर ठेवली, परत गाळलं.

हे बरं झालं. खरंच बरं झालं, कुठं नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. रंग फिकट सोनेरी, मधाचा वास नीट उतरला होता, आणि गार पाण्यात केल्यावर अगदी शेवटी, घोट गिळल्यावर, लिचीची एक पुसटशी आठवण. लेस्टरचं सरबत शंभर धरलं तर हे चाळीस. फुलं वाढवून बघितली का, असं कुणी विचारेल. एका वाटीत दुपटीनं घालून बघितली. वास तेवढाच राहतो, कडवटपणा वाढतो. जे वाळताना उडून गेलं ते फुलं वाढवून परत येत नाही.

पैशाचं गणित मात्र मला वाटलं होतं तितकं वाईट निघालं नाही. काड्या वजा जाता १५ ग्रॅम फुलांचे १९२ रुपये, साखर, लिंबं, लिंबूफूल धरून २६० च्या आत. गाळून सिरप आलं सव्वा लिटरच्या थोडं वर. एका ग्लासाला ३० मिली धरलं तर त्रेचाळीस ग्लास, म्हणजे ग्लासाला सहा रुपये. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले, ते मला आवडलं नाही.

तिसरा घाणा मी करायला नको होता. रुमानियात ही फुलं साखर-लिंबाच्या पाण्यात दोन-तीन दिवस उन्हात ठेवून आंबवतात, त्याला सोकाता म्हणतात. इंग्लंडातही घरोघरी फसफसणारं करतात. ताज्या फुलांवर जे यीस्ट असतं तेच हे काम करतं, वेगळं काही घालावं लागत नाही. आजींनी मला त्यांच्या बाटल्या दाखवल्या होत्या, सगळ्या सोड्याच्या प्लॅस्टिकच्या. काचेच्या का नाहीत, तर प्लॅस्टिकची बाटली दाबून बघता येते. दगडासारखी कडक झाली की झाकण किंचित सैल करून हवा सोडायची. काच सांगत नाही, ती फुटते.

हे सगळं माहीत असून मी १० ग्रॅम फुलं, एक लिटर पाणी, १५० ग्रॅम साखर, लिंबाच्या चकत्या काचेच्या बरणीत घालून दोन दिवस ओट्यावर ठेवलं, आणि बुडबुडे दिसल्यावर गाळून फिरकीच्या झाकणाच्या जुन्या काचेच्या बाटलीत भरलं. म्हटलं वाळक्या फुलांत कसलं यीस्ट आलंय, हे बुडबुडे असतील जेमतेम. लेस्टरला जूनमध्ये १८ डिग्री होतं. आमच्या पडवीत त्या दिवशी ३८. तिसऱ्या दुपारी आम्ही आडवे झालो होतो आणि फटाका फुटल्यासारखा आवाज आला. बाटली वाचली, झाकण गेलं. ते अजून सापडलेलं नाही. छताला चिकट डाग, खाली कोकमाच्या लेबलांचा गठ्ठा भिजलेला, आणि शेजारच्यांचं मांजर दोन दिवस आमच्याकडं फिरकलं नाही. तळाला राहिलेलं चाखलं. ताकाच्या निवळीत व्हिनेगर पडल्यासारखं. याचे गुण पाकिटाला लावत नाही, चूक माझी.

दुसऱ्या घाण्याची खरी परीक्षा चैत्रातल्या हळदीकुंकवाला घेतली. गौरीपुढं आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगड नेहमीचंच. या वेळी पन्ह्याच्या शेजारी एल्डरफ्लॉवरचा जग ठेवला, नाव न सांगता. बावीस बायका आल्या. एकीनं विचारलं केवडा घातलाय का, दुसरीनं बडीशेप. एक म्हणाली, "छान आहे, पण कशाचं आहे ते कळेपर्यंत संपतं." मला वाटतं याहून नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही. समोरच्या वहिनींनी दोन ग्लास घेतले आणि विचारलं, हे उपासाला चालतं का? या प्रश्नाचं उत्तर बल्गेरियातही कुणाकडं नसेल. पन्ह्याचं पातेलं साडेसहाला रिकामं झालं, जग आठ वाजता निम्मा होता.

त्याच आठवड्यात राजवाड्यापाशी करवंदं आली. कास-बामणोलीकडून पहाटेच्या गाडीनं येतात त्या बायका, पाटीवर ओलं फडकं, पळसाच्या पानांचे द्रोण. "घ्या की ताई, आज डोंगरची हाईत, कालची न्हाईत." सगळी काळी घेतली नाहीत, चार-दोन लालसर मुद्दाम घेतली, आंबटपणाला. मिठाच्या पाण्यातून काढायची, म्हणजे चीक सुटतो. वाफवायची, हातानं कुस्करायची, बिया-साली फडक्यात राहतात आणि खाली उतरतो तो जांभळट लाल रस, पातळ रक्तासारखा. यात साखर घालून फार आटवलं तर सरबताची जेली होते, कारण करवंदात पेक्टिन भरपूर. नव्या माणसाची पहिली बाटली हमखास चमच्यानं खावी लागते. त्याला फुलाचा नाजूकपणा नाही. पण ज्यानं लहानपणी डोंगरात हात ओरबाडून घेतलेत त्याला पहिल्या घोटाला कळतं काय आहे ते. भाच्याला दोन्ही ग्लास शेजारी ठेवून दिले. तो म्हणाला, "मावशी, चव याची भारी आहे, पण नाव त्याचं भारी आहे." पोरगं धंदा शिकलंय, मान्य केलं पाहिजे.

आता एक गोष्ट जरा दटावून सांगते. हळदीकुंकवानंतर नाव सांगितलं, तर चौथ्या दिवशी एका मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: "यवतेश्वरच्या घाटात तुझं एल्डरफ्लॉवर सापडलं, पिशवीभर तोडू का?" फोटोत गाजरगवत होतं. ज्याच्या नुसत्या स्पर्शानं अंगाला खाज सुटते, ते. हे झाड आपल्या सह्याद्रीत रानोमाळ उगवत नाही, शोधायला जाऊ नका. पांढरा छत्रीसारखा तुरा दिसला म्हणजे ते फूल नव्हे. इंग्लंडातसुद्धा गवतात तशीच छत्री धरणाऱ्या विषारी वनस्पती आहेत आणि तिथलेही लोक आधी बघतात की खोड लाकडाचं आहे का. आणि कासच्या पठारावर कुठलंच फूल तोडायचं नसतं, तिथं बंदी आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं, त्याच्या आधीपासून आमच्या पिढीला एवढी अक्कल होती, पुढच्यांनाही असावी.

तर पाकिटाबद्दल शेवटचं. घेणारच असाल तर काड्या निवडा, उकळू नका, कोमट पाकात भिजवा, तळाची भुकटी शेवटी घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. कंपनीला सांगणं असं, की काड्या काढून ४३ ग्रॅम भरा आणि पाकिटावर ४३ च लिहा, मी एक तारा वाढवते. फुलं तोडल्याचं साल छापलंत तर आणखी अर्धा. आणि ती २० मिनिटं उकळायची ओळ आजच्या आज खोडा.

भाच्याला मी एल्डरफ्लॉवरच्या दोनच बाटल्या दिल्या. तो त्या ग्लासाला १६० नं विकतोय, आणि फळ्यावर 'मावशीज स्पेशल' असं लिहिलंय, ते पुसायला सांगितलंय. करवंदाच्या वीस नेल्यात. उरलेली आठ ग्रॅम फुलं पडवीतल्या काचेच्या बरणीत आहेत. ह्यांनी त्यावर मार्करनं लिहिलंय: 'इंग्लंडचा कडबा'. जूनमध्ये जांभळं आली की ती बरणी मला लागणार आहे, त्यामुळे रोज रात्री एकेक चिमूट गवती चहात टाकून संपवतेय. तसं मात्र चांगलं लागतं.